वाकडा मी नव्हतो

टर्नरांच्या थोरल्या लेकीचे लग्न ठरून मोडले, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी वजने उचलायचा लोखंडी बार आहे. दोन्ही टोकांना प्लेटा चढवायच्या, मध्ये धरायचे आणि वर न्यायचे, एवढेच माझे काम. आता वय झाले आहे, अंगावर गंजाचे डाग आहेत, आणि मी रागावलेलो आहे. गोडगोड ऐकायचे असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

टर्नर म्हणजे लेथवर लोखंड कातणारा कारागीर. आमच्या टर्नरांना सगळे धंद्याच्याच नावाने हाक मारत. मुलाकडची माणसे ‘आमचं काही जमणार नाही’ म्हणून चहाचे कप अर्धे सोडून उठली, तसे टर्नर तडक दुकानात आले. कोपऱ्यात एक जुना शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरता दांडा, पडला होता, तो मी. त्यांनी मला उचलून लेथला लावले आणि मग थांबले. त्यांचे हात रागाने थरथरत होते. त्यांनी स्टीलचा पेला नळाखाली काठोकाठ भरला आणि हात लांब करून समोर धरला. पाणी हालत होते. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, पण पाणी काही थांबेना. तेव्हा पेला खाली ठेवून, दिवा मालवून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. पुढे केव्हातरी पाणी आरशासारखे निवांत राहिले, आणि तेव्हाच माझ्यावर हत्यार चालले.

म्हणून मी सुतासारखा सरळ झालो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुकानाच्या मागे एक लांबट खोली होती. टर्नरांनी तिथे एक बाक, एक स्टँड आणि मला ठेवले. मागच्या मोकळ्या जागेत पळायला गोल वाट होती. हळूहळू आसपासचे लोक यायला लागले. फळीवर तोच पेला भरून ठेवलेला असे. मला हात लावायच्या आधी तो धरावा लागे. पाणी हालले, तर त्या दिवशी लोखंड बंद. मोठा असो, धाकटा असो, नियम एकच.

एक दिवस एक आडदांड माणूस आला. घरे बदलणाऱ्यांचे सामान उचलायचा त्याचा धंदा. पाठीवर कपाट घेऊन तो जिने चढे, म्हणून त्याचे नावच कपाट पडले होते. त्याच्या बायकोला लोक किल्लीवहिनी म्हणत, कारण कपाट तिच्याशिवाय उघडत नसे. तर हा कपाट मागच्या वाटेवर भरपूर पळून, घामाने निथळत आत आला आणि सरळ माझ्याकडे वळला.

“पेला,” टर्नर म्हणाले.

कपाटाने पेला धरला. पाणी काठावरून त्याच्या मनगटावर ओघळले.

“हाललं. घरी जा.”

“अहो काका, इतका पळालो, अंग कसं तापलंय! आत्ताच तर उचलायला मजा.”

“तापलंय कुठं? दमलंय. तू पळून पोट भरतोस का?”

“नाही, ओझी उचलून भरतो.”

“मग पहिला घास कुणाला? पाठीला का पायांना? अंग मोकळं करायला थोडं चाल, हात फिरव, तेवढं पुरे. मग ताज्या अंगानं लोखंड उचल. त्यातून दम उरला, तर खुशाल पळत सूट.”

तिथे एक टपालवाली यायची. दिवसभर इमारतींचे मजले चढून तिचा दम जाई. टर्नर तिला मात्र आधी पळायला लावत, आणि नंतर माझ्याकडे अगदी हलक्या प्लेटा देत. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “वा रे न्याय! त्याला एक आणि मला एक!”

“तुला दम हवाय, त्याला पाठ हवी. ज्याची भूक मोठी, त्याला पहिला घास. आणि पेला दोघांनाही सारखाच आहे, बाई. पळून आलीस ना? मग थोडी बस. पाणी थांबलं की ये.”

असा आमचा कारभार. माझ्याखाली कुणी कण्हले, कुणी शिव्या दिल्या, पण कुणी मोडले नाही.

मग टर्नरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. घर दुकानाच्या वरच होते, पण जिना उतरवेना. त्या दिवसांत कपाटाने जे केले ते पोटच्या पोरानेही केले नसते. नाहीच केले! रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो वर जाई, टर्नरांना पाठीवर घेई आणि खाली उन्हात खुर्चीवर आणून बसवी.

“जपून रे कपाटा, आत काचेची भांडी आहेत.”

“काचेची कसली? नुसता भुसा भरलाय, काका. हलकं लागतंय.”

“भुसा तुझ्या डोक्यात!”

दोघेही हसत. जिन्यावर ते हसू मला रोज ऐकू येई. टर्नरांचा सगळा दिवस त्या उन्हावर निघे.

आता धाकट्याचे ऐका. धाकटा म्हणजे टर्नरांचा मुलगा. त्याने लेथ काढली, पुढची भिंत पाडून काच बसवली आणि काचेला लागून पळायची मशीनं मांडली. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत माणसे धावताना दिसली पाहिजेत, हा त्याचा हिशोब. बाकावर आडवा पडलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही ना! म्हणून नवा नियम निघाला: येणाऱ्या प्रत्येकाने आधी मशीनवर घाम गाळायचा, मग मागे जायचे. ओझेवाला असो, टपालवाली असो, सगळ्यांना एकच घास, आणि तोही धाकट्याच्या पोटासाठी! पेल्यात पेनं जाऊन बसली. पाणी हालले का, हे विचारणारा आवाज खोलीतून गेला. आठवले की अजून माझे लोखंड तापते.

कपाटाने एकदा विचारलेही, “मालक, मी आधी बार घेऊ का? काका तसंच सांगायचे.”

“काकांचा जमाना गेला. आधी कार्डिओ. नियम म्हणजे नियम.”

कपाट बिचारा नियमाचा माणूस. मुकाट्याने मशीनवर चढला.

त्या दिवशी तो पळून माझ्याखाली आला, तेव्हा त्याच्या तळव्यांतली थरथर मला आधीच कळली होती. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. बाकावर आडवे होऊन त्याने मला उचलले, छातीपर्यंत आणले, वर ढकलले. पुन्हा खाली आणले. या वेळी वर जाताना त्याचा डावा हात एकाएकी गळाला. मी तिरका झालो, प्लेटा त्या बाजूला ओढल्या गेल्या आणि त्याचा खांदा निखळला. त्याची किंकाळी ऐकून मशीनवरची माणसे थांबली. टपालवाली धावली, तिने दोघांना हाक मारून मला त्याच्या अंगावरून काढले.

किल्लीवहिनी आली ती धाकट्यासमोर उभी राहिली. “कसं झालं हे? माझा माणूस कपाट पेलतो. हा दांडा कसा पेलवला नाही?”

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “बार वाकडा आहे, वहिनी. बाबांनी हातानं बनवलेला. जुना माल. मीच काढून टाकणार होतो.”

जिथे खरे बोलायचे होते तिथे याने बापाचे नाव पुढे केले! माणसाची जीभ वाकडी निघाली, की लोखंडाला वाकडे म्हणायचे. हा कुठला न्याय, मित्रांनो?

डॉक्टरांनी खांदा बसवला, पण कपाटाला पुन्हा ओझे उचलू नको म्हणून बजावले. तो एका गोदामाच्या दारावर बसायला लागला. मला मागच्या दाराला अडसर म्हणून लावले. येणारेजाणारे माझ्यावर ओले टॉवेल टाकत. ज्या अंगावर कोरड्या हाताशिवाय कुणी बोट ठेवत नसे, त्यावर ओले टॉवेल! मी गंजत राहिलो.

आणि वर टर्नर वाट पाहत राहिले. जिन्यावर कपाटाची पावले वाजेनात. थोरली तेव्हा बापाजवळच राहत होती. लग्नाचे पुन्हा तिने कुणाला काढू दिले नव्हते. तीच कपाटाच्या घरी जाऊन आली.

“काय म्हणाला?” टर्नरांनी विचारले.

“त्यानं भिंतीकडे तोंड केलं. वहिनी म्हणाल्या, तुमच्या बापाच्या वाकड्या बारानं आमचं घर बुडवलं.”

“वाकडा? माझा बार?”

त्या दिवशी टर्नर स्वतः खाली आले. पायरीवर बसायचे, घसरायचे, पुन्हा बसायचे, असे एकेक पायरी करत, थोरलीच्या हाताला धरून. मागच्या दाराशी त्यांनी ओले टॉवेल बाजूला सारले आणि डावा तळवा माझ्यावर ठेवला. मधल्या खडबडीत पकडीवरून त्यांनी बोटे फिरवली.

“हा इथं काय करतोय?”

थोरलीने मला उचलून पुढे नेले. धाकटा नुकताच मशीनवरून उतरला होता, गळ्यात टॉवेल. टर्नरांनी मला त्याच्या काचेच्या टेबलावर आडवे ठेवायला सांगितले आणि एका बोटाने ढकलले. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत गेलो. कुठे अडलो नाही, की कुठे उसळलो नाही.

“बघ, वाकडा आहे?” टर्नर म्हणाले.

धाकटा टॉवेलने तोंड पुसायला लागला.

“ताई, तो पेला दे.”

थोरलीने पेनं टेबलावर ओतली, पेला भरून आणला. टर्नरांनी तो डाव्या हातात धरला. अर्धे पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडले. “माझं हाललं. मी आता बाराला हात लावणार नाही. आता तू धर.”

थोरलीने पेला पुन्हा भरला. धाकट्याने तो धरला, आणि पाणी टपटप खाली पडायला लागले.

“बघ रे,” थोरली म्हणाली. “हे त्या दिवशी कपाटाला कुणी दाखवलं असतं, तर?”

टर्नर आवाज न चढवता म्हणाले, “मला त्याच्याकडून काही नको. तू नुसता त्याच्या दारात जा आणि सांग, बार सरळ होता, नियम चुकला. थोरलीचं तो ऐकणार नाही. तुझंच ऐकेल. आजच जा.”

“जाईन हो बाबा. आज गर्दी आहे. उद्या जातो.”

त्याने मला परत स्टँडवर ठेवले, तेवढे मात्र केले. पण ते उद्या काही उजाडेना. टर्नर रोज सकाळी वरून विचारत, “गेलास का?” आणि खालून रोज एकच उत्तर, “उद्या.” हे उद्या ऐकून ऐकून माझे कान किटले. म्हातारा खुर्चीत बसून जिन्याकडे कान लावी. ऊन खाली पडून जाई.

मित्रांनो, आज मी स्टँडवर आहे. फळीवर पेला आहे, पेनं नाहीत. मशीनं अजून काचेशीच आहेत, पण आधी मशीन हा नियम गेला. ज्याला पाठ हवी तो ताज्या अंगाने माझ्याकडे येतो, ज्याला दम हवा तो आधी पळतो. कपाट रोज संध्याकाळी येऊन बसतो. त्याला मला उचलता येत नाही. तो फक्त येणाऱ्याच्या हातात पेला देतो आणि पाण्याकडे बघत राहतो. “हाललं,” तो म्हणतो. “आज नको.” मग कधीकधी उजव्या हाताने मला कोरड्या फडक्याने पुसतो.

तुम्हाला एवढेच सांगतो. अंग थकल्यावर त्याच्यावर ओझे टाकू नका. आणि चूक तुमची असेल, तर ती लोखंडावर, जुन्या मालावर, म्हाताऱ्या बापावर ढकलू नका. जे सांगायचे ते आज सांगा. कपाट मला पुसतो तेव्हाही माझा राग जात नाही, आणि जाऊही नये.

धाकट्याच्या मुलीचे पुढचे दात पडले, त्या वर्षीची गोष्ट. धाकटा कपाटाच्या दारात उभा राहून खरे बोलला, तो वार मंगळवार. टर्नर वारले ते आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी.