सेकंड शिफ्टची बस

इंद्रजीतची चित्रं पाहून बोईसरचे लोक म्हणायचे, या पठ्ठ्याला माणसांच्या जांभयांशिवाय काही दिसतच नाही. खोटं नव्हतं ते. बाप साताऱ्याहून तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला आलेला, पोरगा कॉलनीच्या झाडांखाली वाढलेला. पण हातात ब्रश आला तसा तो रमला कंपन्यांच्या गेटवर, वडापावच्या गाड्यांपाशी, मोबाईलमध्ये बुडालेल्या तोंडांत. आजचं जगणं समोर बसवून रंगवायचं नाही, सापडेल तिथून उचलायचं, हा त्याचा हेका. एकाचं नाक घ्यायचं, दुसऱ्याची पाठ, तिसऱ्याची झिजलेली चप्पल. नावगाव मात्र विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावरून बसतो, म्हणायचा. मोठा शहाणा!

‘सेकंड शिफ्टची बस’ असंच जुळवलेलं चित्र. बसमध्ये सगळ्यांचे डोळे मोबाईलवर, आणि खिडकीशी एकच मुलगी गाढ झोपलेली. पालघरच्या प्रदर्शनात लोक तिच्यापाशीच थांबायचे. जाहिरातीच्या फलकावरही तिलाच घेतलं आणि बोईसरच्या नाक्यावर ती हाऽ एवढी मोठी लागली.

एका दुपारी प्रदर्शनाच्या दारात वॉचमनची कुणाशी तरी हुज्जत चालली होती. इंद्रजीत बाहेर आला. जव्हारकडच्या डोंगरातून इमारतीच्या कामावर आलेलं एक जोडपं उभं होतं, चिंधू आणि तानी. टेम्पोतून कामावर जाताना तानीनं फलक पाहिला होता आणि तेव्हापासून तिला चैन नव्हतं. त्यानं दोघांना आत चित्रापाशी नेलं.

“आमची पोर हाय ती,” चिंधू म्हणाला. “प्रियंका. दिवाळी झाली नि कंपनीत कामाला जाते म्हणून गेली. मंग फोनच लागला नाय.”

एका चेहऱ्याची दहा माणसं असतात, असं काहीसं इंद्रजीत समजुतीनं बोलला. तानीनं चित्रातल्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. भुवईत खाच होती. लहानपणी बकरीनं शिंग मारलेलं, चिंधूनं सांगितलं.

तो चेहरा कुठून उचलला, हे इंद्रजीतला लख्ख आठवत होतं. थंडीत तो वैतरणेच्या खाडीवर होडीवाल्यांची चित्रं काढायला गेला होता. त्यांनीच पाण्यातून एक मुलगी वर काढली. पोलीस यायला वेळ होता. इंद्रजीतनं वहीचं पान उलटलं आणि खाचेसकट तिचा चेहरा काढून घेतला. पुढं तिचं काय झालं, याची त्यानं साधी चौकशीही केली नव्हती. आता त्याला स्वतःचीच किळस आली.

तानी मात्र डोळे भरून बघत होती. “गोरी झाली,” ती नवऱ्याला म्हणाली. “सावलीतलं काम हाय ना. नि केस बघा, डोकं न्हाऊन गेली हाय.”

त्या ओल्या केसांचं पेपरात कौतुक छापून आलं होतं.

बस कोणत्या कंपनीची, असं चिंधूनं विचारलं. इंद्रजीतनं उचलली जीभ लावली टाळ्याला. तारापूरच्या एमआयडीसीतली कुठली तरी असेल, नाव काही आठवत नाही, म्हणाला. शब्द तर सुटला होता. तानीचा चेहरा असा उजळला की त्याला तिच्याकडं बघवेना.

“मंग आमी शोधू तिला,” चिंधू म्हणाला. “काम सोडतो. उद्यापास्नं रोज गेटवर उभं राहू, एकेक कंपनी बघू. पोरी सुटतात तवा दिसंल.”

तानीनं पदर सावरला, इंद्रजीतला हात जोडले आणि दोघं निघालीसुद्धा. एमआयडीसीत गेटं किती, ते इंद्रजीतला ठाऊक होतं. शिफ्ट सुटल्यावर ही दोघं एकेका पोरीच्या तोंडाकडं बघत उभी राहणार, वर्षानुवर्षं. तो धावत जाऊन त्यांच्यापुढं उभा राहिला.

“काकी, थांबा. मी खोटं बोललो. ती बसमध्ये नव्हती.”

तानीला काही उमजेना. “मंग झोपली कुठं व्हती?”

“काकी,” इंद्रजीत म्हणाला, “ती झोपलेली नव्हती.”