एनो बिरागोचं स्टूल

पोलीस गल्लीत शिरला की माणसं भराभर आंधळी, बहिरी आणि मुकी व्हायची. घानातल्या कुमासी शहरात, त्या तेलवाल्यांच्या गल्लीत हे कुणाला शिकवावं लागत नसे. दोन वर्षांपूर्वी शेजारीण फ्रेमाच्या मुलाला ‘जरा चौकशीला’ म्हणून नेलं आणि तो मोडका हात घेऊन परतला. तेव्हापासून गल्लीने पोलिसांशी बोलणंच टाकलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; इथे तर ताकाचं भांडंच पालथं घातलं होतं.

त्या दुपारी बिरागो दारात स्टुलावर बसून पाम तेल गाळत होती. अख्खी गल्ली तिला एनो, म्हणजे आई, म्हणायची आणि तिच्या जिभेला भ्यायचीही. मोबाइलचं दुकान फुटल्यापासून तिचा नातू क्वाकू आतल्या खोलीत लपून होता. त्याने काही चोरलं नव्हतं, चोरांना नुसतं पाहिलं होतं. पोलिसांच्या कानावर मात्र त्याचंच नाव गेलं होतं.

त्यामुळे नवा इन्स्पेक्टर त्वुमासी समोर उभा राहिला, तेव्हा तिने मुद्दाम आतल्या खोलीकडे बघणं टाळलं. एकटाच होता. टोपी काढून त्याने बसू का म्हणून विचारलं. आता आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि मगच काम विचारायचं, ही रीत वैऱ्यालाही चुकत नाही. एनोने पाणी आणलं, पण मनात म्हणाली, हा कसला पितोय! आजवर एकाही पोलिसाने इथलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. मेल्यांना विषाची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर एकदोघींनी घातलंही असतं.

त्वुमासीने उजव्या हाताने पेला घेतला, घटाघट प्यायला आणि तळाचे दोन थेंब रीतीप्रमाणे पूर्वजांसाठी जमिनीवर सोडले.

झाली पंचाईत! आता विचारणं भागच होतं.

“आमच्याकडे सगळं ठीक आहे,” ती ठरल्या रीतीने म्हणाली. “तुम्ही काय काम काढलंत?”

“क्वाकूशी बोलायचंय, एनो. ठाण्यावर, माझ्यासमोर.”

‘घरात नाही’ हे तिच्या ओठांवर तयारच होतं. गल्लीत सगळ्यांच्याच असतं. पण आपल्या हातचं पाणी प्यालेल्या माणसाला काम विचारायचं आणि वर थाप मारायची? तिची आई थडग्यातून उठून आली असती. एनोला त्याचा राग आला, रीतीचा आला, त्या मेल्या पेल्याचाही आला.

“आत आहे,” ती म्हणाली. “पण मीही येणार.” आणि उठून बुडाखालचं स्टूल काखेत मारलं.

गल्ली आ वासून बघत राहिली. म्हातारीला चळ लागला, असंच सगळ्यांना वाटलं. फ्रेमाने तर वाटेत आडवं येऊन विचारलं, की त्या पेल्यातलं तूच काही प्यालीस का?

ठाण्यात एनोने स्टूल चौकशीच्या खोलीसमोरच टाकलं. हवालदार खेकसला, की हा बाजार नाही. बाजार असता तर तुला कोण विकत घेतलं असतं, असं म्हणून ती बसली. क्वाकू आत गेला आणि हवालदाराने दार लोटलं. फ्रेमाच्या पोरामागेही असंच दार लागलं असणार. एका पेलाभर पाण्यापायी आपण आपल्या हाताने पोर देऊन बसलो.

ती धडपडत उठली, तोच दार आतून उघडलं. त्वुमासीने स्वतःची खुर्ची ओढत आणून उंबऱ्यात अडकवली आणि दार उघडंच राहील असं हवालदाराला बजावलं. मग तो उभ्याउभ्याच प्रश्न विचारू लागला. क्वाकू आधी अडखळला, मग सगळं सांगत गेला. एनोची नजर मात्र पोराच्या हातांवरून हलली नाही.

अंधार पडायच्या आत दोघं घरी आली. शेजाऱ्यांनी क्वाकूला पुढून-मागून निरखून घेतलं.

सकाळी फ्रेमा दारात आली. मागे तिचा मुलगा होता, वाकडा राहिलेला हात छातीशी धरून.

“तो इन्स्पेक्टर आज असेल?” तिने विचारलं. “हात कुणी मोडला त्याचं नाव सांगायचंय याला. दोन वर्षं पोटात ठेवलंय.”

एनोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “असेल. आधी बस तरी, पाणी आणते.”

“पाणी परत आल्यावर पिऊ,” फ्रेमा म्हणाली. “तुझं स्टूल दे.”