अकरा माणसं आणि पुरं जाळं

"अर्धंच टाका, अहो! ऐका माझं जरा," दोराचं वेटोळं होडीत टाकता टाकता तांडेलाची बायको म्हणाली. "ओढायला माणसं अकरा. त्यात चौघांचे गुडघे गेलेले."

"माझ्या बापानं कधी अर्धं जाळं टाकलं होतं?"

"तुमच्या बापाच्या दोराला शंभर हात होते."

झालं! बापाचं नाव निघालं की तांडेलाचं टाळकं सरकायचंच. "तू दोर धर. अक्कल शिकवू नको," तो खेकसला आणि होडी पाण्यात लोटली.

बाई खोटं बोलत नव्हती. समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अख्ख्या वस्तीनं ओढायचे, ही इथली रीत. जाळं कधी, किती टाकायचं ते म्होरक्यानं, म्हणजे तांडेलानं ठरवायचं. दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो पाहुणा का असेना. साठ घरं या एका जाळ्यावर जगली. मग आल्या त्या मोठ्या इंजिनाच्या बोटी. मेल्यांनी मासा बाहेरच्या बाहेर खरवडून नेला. जाळं रिकामं यायला लागलं तशी पोरं पांगली. कुणी शहरात पहारेकरी झालं, कुणी हॉटेलात भांडी घासायला लागलं. तांडेलाचे दोन्ही मुलगे गेले. आता चूल पेटते ती सहा घरांत, बाकीच्या दारांच्या कड्यासुद्धा खाऱ्या वाऱ्यानं गळून पडल्या.

पण तांडेलाचं एकच पालुपद. "मासा आला की माणसं येतील." धाकटा भाऊ तीन वर्षं त्याच्या मागे लागला होता, दादा, विकून टाकू आणि जाऊ. शेवटी दोघांचं ठरलं. हा हंगाम शेवटचा. जाळं भरलं तर पोरांना परत बोलवायचं, नाही भरलं तर जाळं विकून वस्ती सोडायची.

आणि आज मासा आला! खडकापाशी पाणी काळंभोर झालं, वर पाखरांची झुंबड. माशांचा असला थवा दहा वर्षांत कुणी बघितला नव्हता. अर्ध्या जाळ्यात मावला असता तेवढाही पुष्कळ होता, पण तांडेलाला आता सगळाच हवा होता. त्यानं पुरं जाळं टाकलं.

ओढायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. "ओढा रे मुडद्यांनो!" तांडेलाची सत्तरीची आत्या ओरडली. "नवऱ्याला ओढत घरी आणायचे मी, हा मासा काय चीज आहे!"

सगळे हसले. कुणाला तरी धापच लागली हसता हसता.

किनाऱ्यापासून चाळीस हात अंतरावर जाळं अडलं. आत चांदी नुसती उकळत होती. टाचा वाळूत रुतल्या, तळव्यांची सालपटं निघाली, पण दोर वीतभर हलेना. त्यात ओहोटी लागली. आता पाणीच जाळं मागं ओढायला लागलं.

"दादा, जमत नाही!"

"सोडलास तर याद राख! धर!"

इतक्यात आत्या तोंडावर आपटली. दोर मनगटाला गुंडाळून घेतलेला, सुटेना. म्हातारी फरफटत पाण्यात चालली.

"अहो, कापा! आत्या जाईल!"

तांडेलानं एकदा जाळ्याकडे बघितलं. मग धावत जाऊन सुरीनं दोर कापला. जाळ्याचं तोंड उघडलं आणि बघता बघता सगळा मासा निघून गेला.

आत्या वाळूत बसून खारं पाणी ओकत होती. तांडेल बायकोसमोर उभा राहिला.

"म्हण," तो म्हणाला. "अर्धं टाका म्हणाले होते, असं एकदा म्हणून टाक."

तिनं पदरानं त्याच्या तळव्याचं रक्त टिपलं. "काय म्हणू? मलाही वाटलंच होतं, पोरं येतील म्हणून."

"दादा, उद्या अर्धं टाकू," भाऊ म्हणाला. "थवा लांब नाही जायचा. मिळेल काहीतरी."

"मिळेल. आपल्या अकरा जणांपुरतं." तांडेल खाली बघत राहिला. "अरे, मासा तर आला होता. भरलं जाळं ओढायलाच माणसं नाहीत, मग पोरांना कशाच्या जोरावर बोलवू मी? जाळ्याला गिऱ्हाईक बघ."

तीन वर्षं हेच ऐकायला टपलेला धाकटा भाऊ तिथंच मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.