टोपी हलवणारा

सिनेमा पडला तेव्हा हेझेल मॅकरीला हायसं वाटलं होतं. पडला म्हणजे साफ आपटला. १९२६च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या एकाही पेपरवाल्यानं 'कोंबडीवाल्याचा जावई'बद्दल बरा शब्द लिहिला नाही. एकानं लिहिलं, कोंबड्यांची कामं तेवढी चांगली झाली आहेत. दुसरा हेझेलवरच घसरला: सासूच्या भूमिकेतल्या बाईंनी चेहऱ्याऐवजी लाकडी फळी वापरली आहे. आणि जावई नदीतून वाहत जाताना टोपी हलवतो त्या प्रसंगाबद्दल तर सगळ्यांचं एकमत होतं की तो फार लांबवलाय. 'माणूस बुडायला इतका वेळ घेणार असेल तर प्रेक्षकांनी खुशाल घरी जावं,' असं एका शहाण्यानं छापलं होतं. त्या मेल्याला काय ठाऊक, की तो माणूस खरंच बुडत होता!

तो हेझेलचा नवरा होता, एमेट.

सिनेमाचा नायक, दिग्दर्शक आणि मालक सगळं एकच, लेस्टर क्विगली. छपरावरून पडणारा, गाडीखाली येता येता वाचणारा, कड्याला लोंबकळणारा लाडका क्विगली. 'क्विगली सगळं स्वतः करतो' असं पोस्टरवर मोठ्या अक्षरांत असायचं. पडायचा एमेट. दोघांची चण एक, कपडे एक, गवताची टोपी एक. पाठमोरे उभे केले तर हेझेलसुद्धा क्षणभर फसायची. कंपनीत हे पोराटोरांना ठाऊक होतं, पण बाहेर बोलायची सोय नव्हती. डबलचं, म्हणजे नायकाच्या जागी पडणाऱ्याचं, नाव घेतलं की दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या बाहेर, हा त्या धंद्याचा रिवाज होता आणि एमेटला त्याचं काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, "नाव त्याचं, हाडं माझी. पण हाडं तरी घरी येतात ना?"

पडदा मुका असला तरी शूटिंगला नुसता गलका असायचा. कॅमेऱ्याची घरघर, लेस्टरची ओरड, त्यात पाणी असलं तर विचारूच नका. हाक मारून ऐकू जायची शक्यता नाही. म्हणून एमेटची खूण ठरलेली होती. त्यानं टोपी काढून डोक्यावर हलवली, की कॅमेऱ्याचं हँडल सोडायचं आणि धावत जाऊन त्याला बांधलेला दोर ओढायचा. कितीतरी वर्षं ती खूण चुकली नाही.

आणि मग पोमोनाच्या लोकांनी घात केला.

सिनेमा तयार झाला की तो आधी एखाद्या लहान गावात गुपचूप लावून बघायचे. लोक हसले ते ठेवायचं, हसले नाहीत ते कापायचं. 'जावई' पोमोनाला लावला तेव्हा लोक मयताला आल्यासारखे बसले होते. लेस्टर घामाघूम. एवढ्यात नदीचा प्रसंग आला. फिल्म कापणाऱ्यानं शेवटचा एक कचऱ्याचा तुकडा चुकून तसाच ठेवला होता. त्यात एमेट पाण्यातून टोपी हलवून 'पुरे, ओढा' म्हणत होता. बस्स! थिएटर हशानं फुटलं. बुडता माणूस जाता जाता सभ्यपणे टोपी काढून निरोप घेतोय असं लोकांना वाटलं. बायका हसून हसून डोळे पुसायला लागल्या.

लेस्टरनं शेजारी बसलेल्या हेझेलचा गुडघा गच्च दाबला. "सासूबाई, सापडलं! सापडलं गं!" सिनेमात ती सासू होती, आणि तेव्हापासून तो तिला तेच म्हणायचा. ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

झालं. सगळा ताफा पुन्हा कर्न नदीवर, टोपीचा प्रसंग लांबवून घ्यायला. पहिल्या वेळी नदी कशी कमरेपुरती खेळत होती, आता मे महिना, वर डोंगरात बर्फ वितळलेलं आणि पाणी गढूळ, फुगलेलं. टोपी आता विनोदात गेली म्हणून नवी खूण ठरली. थांबायचं असेल तर दोन्ही हात वर.

एमेट म्हणाला, "दोन्ही हात मोकळे राहिले तर ना, लेस्टर."

"अरे, तुला काय आज पहिल्यांदा पाण्यात सोडतोय का? जा, जावईबापू, सासरवाडी वाट बघतेय!"

सगळे हसले. एमेटही हसला. पाण्यात उतरला.

ओंडक्याला धरून तो वाहत आला, ठरल्याप्रमाणे दोनदा टोपी हलवली. मग पाण्याखाली दोर कुठंतरी खडकात अडकला. उजव्या हातानं ओंडका धरलेला, तो सोडला तर संपलंच. माणूस घाबरला की नवं शिकवलेलं विसरतो, जुनंच हाताशी येतं. एमेटनं डाव्या हातानं टोपी हलवली. पुन्हा हलवली. हलवतच राहिला.

काठावर माणसं हसून लोळत होती. कॅमेरावाल्याचे खांदे गदगदत होते, पण हँडल थांबलं नाही. हेझेल अंगाला उशा बांधून सासूच्या वेषात उभी होती. ती म्हणाली, "लेस्टर, तो थांबवायला सांगतोय."

"गप गं. सोन्यासारखं करतोय."

"अरे, खरं सांगतेय मी!"

ती पळत सुटली. पोटाला बांधलेली उशी सुटून पायात आली आणि ती चिखलात तोंडावर पडली. मग तर काय, काठावरच्यांची मुरकुंडीच वळली.

एमेट संध्याकाळी खाली विलोच्या झाडाच्या मुळांत सापडला. मासे पकडायला गेलेला एक मजूर पाय घसरून गेला, असं पेपरात आलं. नाव नव्हतं. आणि तो शॉट सिनेमात राहिला. "कापला तर त्याचं मरण फुकट जाईल, सासूबाई," असं म्हणून लेस्टर लहान मुलासारखा रडला. रडू खरं होतं, हे हेझेलला आजही मान्य आहे. आणि ती? ती गप्प बसली. नवरा गेला, आता काम गेलं तर खायचं काय? म्हणून सिनेमा आपटला तेव्हा तिला हायसं वाटलं. पडलेला सिनेमा कोण बघतो? एमेटवर हसणारी माणसं संपली.

चाळीस वर्षं ती संपलेलीच होती. मग कुठल्याशा जुन्या थिएटरच्या अडगळीत एक प्रत निघाली आणि मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं झालं. ज्युलियन ॲश्बी नावाच्या एका दाढीवाल्या प्राध्यापकानं लिहिलं, 'हा मुक्या विनोदाचा कळस आहे.' दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं लिहिलं. ज्या लांबवण्यावर बाप थुंकले, त्याच लांबवण्याला पोरं नमस्कार घालायला लागली. कॉलेजची मुलं गवताच्या टोप्या घालून सिनेमाला जात आणि तो प्रसंग आला की सगळं थिएटर टोप्या हलवायचं. ते आता व्रतच झालं होतं म्हणा ना. लेस्टर क्विगली, जो मेला असं निम्म्या गावाला वाटत होतं, तो मासिकांच्या मुखपृष्ठावर आला.

ॲश्बी हेझेलला शोधत ग्लेनडेलच्या तिच्या भाड्याच्या खोलीवर आला, तेव्हा तिनं कॉफी आणि डोनट पुढं ठेवली आणि सरळ सांगून टाकलं. "नदीतला माणूस लेस्टर नाहीये. माझा नवरा आहे. टोपी डाव्या हातात आहे बघा. लेस्टर उजव्या हाताचा."

ॲश्बी समजूतदारपणे हसला. "डाव्या हातावर मी तीन पानं लिहिली आहेत, मॅडम. त्या क्षणी माणूस स्वतःलाच परका होतो. क्विगलींनी मुद्दाम हात बदलला."

"मुद्दाम कसला डोंबल! उजव्या हातात ओंडका होता."

"तुमच्या भावना मी समजू शकतो. पण पुरावा?"

"मी पुरावा. मी तिथं होते."

"क्विगलींनी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी," तो म्हणाला आणि दुसरं डोनट उचललं.

म्हणून ती बस बदलून बदलून लेस्टरच्या बंगल्यावर गेली. तो पोहण्याच्या तलावाकाठी खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर चादर, सुकून खारीक झालेला. तिला बघून डोळे मात्र तेच चमकले. "या, सासूबाई! अजून फळी ती फळीच!"

"लेस्टर, रविवारी तुझा सत्कार आहे. मलाही स्टेजवर बोलावलंय."

"म्हणजे काय! तुझ्याशिवाय मला शिव्या कोण घालणार?"

"एमेटचं नाव घे. एकदाच. मला दुसरं काही नको. लोक हसतात तर हसू देत, पण कुणाला हसतात ते तरी कळू दे त्यांना."

लेस्टरनं गुडघ्यांवरची चादर सारखी केली. मग त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "रोज आठवतो गं मला तो. घेईन नाव. तुझी शपथ."

तिनं विश्वास ठेवला. दुसरं करणार तरी काय होती बिचारी?

रविवारी दुपारी थिएटर भरून बाहेर रांग होती. दारात टोप्या वाटत होते, हेझेलच्याही हातात एक कोंबली. तो प्रसंग तिनं चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. आता पडद्यावर एमेट वाहत आला, तिच्या पोटच्या पोराच्या वयाचा वाटला. टोपी हलवायला लागला. आजूबाजूला शेकडो टोप्या उठल्या आणि हलायला लागल्या, शिट्ट्या, हशा. कॅमेरा लांब होता, परक्याला चेहरा ओळखू आला नसता; पण त्या टोप्यांच्या फटीतून तिला त्याचं तोंड दिसलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. तो 'हेझ' म्हणत होता. दुसरं काही नाही, नुसतं 'हेझ, हेझ'. घरात साबण सापडला नाही की मारायचा तशीच हाक. तिनं टोपीची कड दातांत धरली.

दिवे लागले. लेस्टरला धरून स्टेजवर नेलं, लोक उभे राहिले. ॲश्बीनं विचारलं, "नदीचा तो प्रसंग कसा केलात?"

हेझेल शेजारच्या खुर्चीत सरळ बसली. आता घेईल.

"पाणी असं गार होतं," लेस्टर म्हणाला, "की मी आत उतरलो आणि माझे दात माझ्याआधी बाहेर आले." हशा. "डाव्या हाताचं विचारता? ते... ते काय, कलेत सगळं सांगता येत नाही." टाळ्या. ॲश्बी लाल झाला, तीन पानं सार्थकी लागली. लेस्टर बोलत राहिला. खडकाचं बोलला, बर्फाचं बोलला, दोराचंसुद्धा बोलला. हेझेलकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

शेवटी ॲश्बी वळला. "आणि आमच्या सासूबाई? त्या काय म्हणतात?"

हेझेल उठली, माईक हातात घेतला.

"तो लेस्टर नाही. तो माझा नवरा आहे, एमेट मॅकरी. लेस्टरच्या जागी तोच पडायचा, नेहमी. टोपी हलवणं हा विनोद नव्हता, मला वर काढा म्हणायची खूण होती ती. तो मदत मागतोय. आणि तुम्ही हसताय तेव्हा तो मरतोय. त्याच दिवशी मेला तो, त्याच पाण्यात."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं डोक्यावरची टोपी हळूच काढून मांडीवर ठेवली. हेझेलनं ते पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी एमेटसाठी टोपी काढली होती. आणखी एकानं काढली. कळलं यांना, कळलं.

लेस्टर क्विगली खुर्चीत बसल्या जागी हलला नाही. त्यानं फक्त चेहरा पाडला, तोच तो जगप्रसिद्ध केविलवाणा चेहरा. मग त्याचा डावा हात, हो, डावा, हळूहळू वर गेला. त्यानं टोपी काढली आणि डोक्यावर धरून दोनदा हलवली. थांबला. हेझेलकडे भीत भीत पाहिलं, आणि तिसऱ्यांदा हलवली.

थिएटर फुटलं! पोमोनाला फुटलं होतं त्याच्या दसपट. लोक खुर्च्यांवर चढले, टोप्याच टोप्या. मांडीवर टोपी ठेवलेली ती मुलगी हसून हसून रडत होती आणि दोन्ही हातांनी टोपी हलवत होती. हेझेल माईकमध्ये ओरडली, "खरं सांगतेय मी! अहो, खरं सांगतेय!" तसा हशा दुप्पट झाला. मग माईक खाली करून ती नुसती उभी राहिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

लेस्टरनं तिला जवळ ओढून मिठी मारली, लोकांसाठी. कानाशी त्याचं तोंड आलं. "अजून जमतं गं आपल्याला, सासूबाई."

सोमवारी सकाळी घरमालकीण डोरीन पेपर नाचवत जिना चढून आली. "मिसेस मॅकरी! अहो, उठा! तुमच्याबद्दल किती छान लिहिलंय! थांबा, मीच वाचते." आणि दारातच उभी राहून तिनं मोठ्यानं वाचलं. 'सोहळ्याचा कळस गाठला तो हेझेल मॅकरी यांनी. १९२६च्या टीकाकारांनी ज्या चेहऱ्याला फळी म्हटलं, तो मुक्या विनोदातला सर्वांत शिस्तीचा चेहरा होता हे आता मान्य करायला हवं. बुडून मेलेल्या नवऱ्याची ती कपोलकल्पित कहाणी त्यांनी अशी गंभीरपणे सांगितली, की क्षणभर सगळे फसले. शेवटपर्यंत हसू फुटू दिलं नाही. आणि त्या नवऱ्याला नाव तरी काय शोधलं आहे, एमेट मॅकरी! इतकं साधं, की खरंच वाटावं.'

"पाहिलंत? नाव आलं तुमचं पेपरात!" डोरीन म्हणाली. "आणि त्या विनोदातल्या नवऱ्याचंही! कापून ठेवू का?"

हेझेल पलंगाच्या कडेला बसून होती. तिनं हात पुढे केला.

"ठेव," ती म्हणाली. "नीट काप. नावावर कात्री नको जायला."

एमेटचं नाव छापलेला जगातला तेवढाच एक कागद होता.