तासाला एक थाप

शोकसभा म्हटली की माणसं हळू आवाजात बोलतात, खुर्च्या न वाजवता सरकवतात आणि चोरून घड्याळ बघतात. सरांच्या सभेत मात्र पहिल्या दहा मिनिटांतच भांडण जुंपलं, आणि तेही पेंग्विनवरून.

"पेंग्विनला गुडघे नसतात. सरांनी स्वतः शिकवलंय," दातांचे डॉक्टर ठासून म्हणाले.

"अहो, ती थाप होती! दुसऱ्याच दिवशी पकडली होती आम्ही," मागच्या रांगेतून बस चालवणाऱ्या बाईंनी सुनावलं. या बाई शाळेत डॉक्टरांच्याच वर्गात होत्या. आवाज तेव्हापासूनच भरगच्च.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "दुसऱ्या दिवशी मला ताप होता," ते म्हणाले. "म्हणजे इतकी वर्षं मी... अगं, मुलांना शिकवलंय मी हे! पेशंटना सांगतो, तोंडात हत्यारं असताना. त्यांना बिचाऱ्यांना उलट बोलताही येत नाही!"

सगळं सभागृह खो खो हसलं. टेबलावरच्या फोटोतले सरही हसत होते. ते तसेही प्रत्येक फोटोत हसायचे, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

सर याच हायस्कूलला भूगोल शिकवायचे. चौतीस वर्षं शिकवला आणि चौतीस वर्षं तासाला एक, या हिशेबाने थापा मारल्या. डोंगर, वारे, वाळवंट सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम, पण मध्येच कुठेतरी एक धडधडीत खोटं, तेही इतक्या निरागस चेहऱ्याने की ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना थाप पकडायची. नुसतं "सर, ते खोटं होतं" म्हणून भागत नसे. सर हात पुढे करायचे आणि एवढंच म्हणायचे, "पुरावा?" मग ग्रंथालयातलं पुस्तक दाखवा, नकाशा दाखवा, खलाशी असलेल्या मामाचं पत्र आणा. पुरावा पटला की पकडणाऱ्याला तास संपल्याची घंटा वाजवायला मिळायची. ती व्हरांड्यातली पितळी घंटा वाजवण्यासाठी मुलं इतकी वाचायची की ग्रंथपाल बाई सरांवर कायम डाफरायच्या. पोरं त्यांना पुरावासर म्हणत, आणि ते सरांना ठाऊक होतं.

पहिल्या रांगेत सरांची लेक बसली होती. वय पंचेचाळीस, स्वतःचं चष्म्याचं दुकान, गावातल्या निम्म्या नाकांवर तिने बसवलेल्या फ्रेमा. पण इथे आल्यापासून ती नुसती 'सरांची लेक' झाली होती. जो तो येऊन हात हातात घेई आणि म्हणे, "सर म्हणजे आमचे वडीलच हो!" तीन-चार जणांपर्यंत तिला बरं वाटलं. विसाव्या माणसाला मात्र तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, मग माझे कोण?

पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. शेवटी तिने दोन शब्द बोलायचं ठरलं होतं. दोन शब्द म्हणजे काय, हे सभेत बोलणाऱ्या कुणालाच कधी कळत नाही, पण तिने खरंच फार थोडं लिहिलं होतं. त्यातली पहिली तीन वाक्यं सभ्य होती. चौथं वाक्य तिने दोनदा खोडलं होतं आणि तिसऱ्यांदा लिहिलं होतं.

चौथ्या वाक्याची गोष्ट अशी. ती तेरा वर्षांची असताना तिच्या शाळेत नाटक होतं. तिची शाळा वेगळी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती नाटकात डॉक्टरीण होती. आदल्या दिवशी तिने बाबांना बजावलं, "तुम्ही यायचं नाही. तुम्ही समोर दिसलात की मी अडखळते. आलात तर मी बोलणारच नाही." बाबा "बरं" म्हणाले. आता तेरा वर्षांच्या मुलीने 'येऊ नका' म्हटल्यावर खरंच न येणारा बाप म्हणजे कमाल झाली. नाटकभर तिने खुर्च्यांमध्ये त्यांना शोधलं. संध्याकाळी बाबा म्हणाले, "तू नको म्हणालीस, आणि मला तासही होते. कसं झालं?" ती म्हणाली, "झालं." विषय संपला. म्हणजे बाबांचा संपला. तिने तो बत्तीस वर्षं सांभाळला.

आणि यात शंकेला जागाच नव्हती. बाबांच्या थापा शाळेपुरत्या होत्या. घरात ते खोटं बोलत नसत, इतके की तिने पहिल्यांदा केलेला भात खाऊन त्यांनी "चिखल झालाय" असं सांगितलं होतं आणि तरी दुसऱ्यांदा वाढून घेतला होता.

मुख्याध्यापिकांनी तिचं नाव पुकारलं. ती उठली. तीन सभ्य वाक्यं झाली. मग कागदावरचं बोट थांबलं. इथे थांबून 'सर्वांचे आभार' म्हणता आलं असतं. पण डॉक्टरांच्या पेंग्विनवर इतके मनमुराद हसणारे हे लोक बघून तिचं डोकंच फिरलं. यांच्याकडे बाबांचं पोतंभर हसू होतं आणि तिच्याकडे एक 'झालं'.

"तुम्ही सगळे म्हणता सर तुमचे होते," ती म्हणाली. "खरंच होते. माझं आयुष्यात एकच नाटक झालं. त्या दिवशीही ते तुमच्याच वर्गात होते. मला तुमचा हेवा वाटतो. एवढंच."

ती खाली बसली. दातांचे डॉक्टर बुटांकडे बघू लागले.

"ताई," मागून आवाज आला. बसवाल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. "नाटक डॉक्टरचं होतं का?"

लेकीने वळून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"सांगते. पण आधी एक सांगा, तुम्ही हे विचारताय असं धरू ना? कारण सरांनी आम्हाला बजावलं होतं, ती विचारेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आम्ही नववीत होतो. आता बत्तीस वर्षं झाली, माझ्या पोटात दुखायला लागलंय."

"विचारतेय," लेक म्हणाली.

"त्या दिवशी सरांनी आम्हाला नकाशा भरायला दिला आणि गेले. तासाभराने आले ते घामाघूम. म्हणाले, कार्यालयात काम होतं. मी म्हटलं, सर, ही आजची थाप. ते म्हणाले, पुरावा? मी म्हटलं, तुमचे बूट. गुडघ्यापर्यंत चिखल हो! कार्यालयात कुठे चिखल असतो? तेव्हा त्यांनी कबूल केलं. सायकल दामटवत तुमच्या शाळेत गेले होते. आत कसे येणार, तुम्ही नको म्हणाला होतात. मग बाजूच्या खिडकीबाहेर फुलझाडांच्या वाफ्यात उभे राहिले. नुकतंच पाणी घातलेल्या."

लेक हसली, पण तिचा विश्वास बसत नव्हता. बापाच्या माघारी लोक गोड बोलतात, हे तिला दिवसभरात पुरतं कळलं होतं. तिने नकळत हात पुढे केला. "पुरावा?"

कुणीतरी मागे पुटपुटलं, "अगदी सरच."

"आहे की," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाक्य विसरलात. पेशंटला म्हणायचं होतं 'जीभ दाखवा', आणि तुम्ही विचारलंत, 'घराला कुलूप लावून आलात ना?' तर तो पोरगा इतका घाबरला की खरंच स्टेजवरून पळून गेला, कुलूप बघायला! सर आम्हाला सांगताना डोळे पुसत होते हसून."

सभागृह पुन्हा हसलं. लेकीचं मन मात्र अजून अडून बसलं होतं. हे कुणीही त्यांना सांगितलं असेल. नाटक तीनशे लोकांनी पाहिलं होतं.

"आणि मग," बाई म्हणाल्या, आता जरा हळू, "तुमच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपचं टोक निखळून खाली पडलं. तुम्ही खाली न बघता ते उजव्या पायाखाली दाबून धरलंत आणि शेवटपर्यंत तशाच उभ्या राहिलात, एका जागी. सर म्हणाले, बाकी सगळे पेशंटकडे बघत होते, मी तिच्या पायाकडे बघत होतो. इतकी घाबरली होती, पण पाय हलवला नाही माझ्या पोरीने."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. ते टोक पायाखाली होतं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणीला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

"मी म्हटलं, सर, मग ताईंना सांगा ना," बाई म्हणाल्या. "तर म्हणाले, घरात मी एकच थाप मारली आहे. पकडू दे तिला."

लेक उठली. कुणालाही काही न सांगता दारातून बाहेर व्हरांड्यात गेली. विजेची घंटा येऊन जमाना झाला होता, पण पितळी घंटा जागच्या जागी होती. तिने दोरी धरली आणि एक ठोका दिला.

"ताई, जोरात!" आतून बसवाल्या बाई ओरडल्या. "मैदानापलीकडे जायला पाहिजे!"

तिने जोरात वाजवली, आणि वाजवतच राहिली. आत पन्नाशीला टेकलेली माणसं सवयीने उठून उभी राहिली. काहींनी पिशव्याही काखोटीला मारल्या. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, आणि कुणीच हललं नाही. तास संपला होता, पण जायचं कुणाला?