येतो म्हणावं

"छाती सव्वीस इंच," हेमावतीबाई म्हणाल्या आणि करियाच्या पोटाखालून टेप ओढून घेतली.

सुधींद्रने ते कागदावर लिहिलं. दिल्लीला बदली झाल्यापासून हा त्याचा चौथा कागद. हुबळी ते दिल्ली, मारुती व्हॅन, पाच दिवस. पुण्याला बायकोच्या, अर्चनाच्या माहेरी मुक्काम, मग धुळं, इंदूर, ग्वाल्हेर. प्रत्येक गावच्या लॉजला त्याने एसटीडी लावून विचारलं होतं, कुत्रं चालेल का. इंदूरचा माणूस नाही म्हणाला, तेव्हा दुसरं लॉज शोधलं. माणसं चालतील का, हे विचारायचा प्रश्न नव्हता आणि आई येणार की नाही, हेही कुणी विचारत नव्हतं. ते ठरून गेलं होतं.

"तिकडची थंडी तुला सोसायची नाही, आई," सुधींद्रने दिवाळीतच सांगून टाकलं होतं. "ती ओसरली की रेल्वेचं तिकीट पाठवतो."

"होय की," हेमावतीबाई म्हणाल्या होत्या.

करियालाही थंडी सोसणार नव्हतीच. नऊ वर्षांचं कुत्रं, देशपांडे नगराबाहेरची हवा त्याला ठाऊक नाही. पण त्याच्याशिवाय नात उत्तरा जेवत नव्हती, म्हणून त्याच्या थंडीवर स्वेटर निघाला आणि आईच्या थंडीवर मार्च महिना. तो स्वेटरही हेमावतीबाईंनीच विणायचा. त्यांनी अप्पांचा चॉकलेटी स्वेटर उसवायला घेतला. नवी लोकर कशाला, म्हणाल्या. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं: अप्पांचं काहीतरी त्या गाडीत बसून दिल्ली बघून येईल.

अप्पा, हेमावतीबाईंचे यजमान, वकील. रोज सकाळी धारवाडच्या कोर्टात निघताना ते आधी कुत्र्याचा निरोप घेत. "येतो रे करिया," म्हटलं की करिया जाऊन दारातल्या तरटावर बसे आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलत नसे. घरातलं कुणीही 'येतो' म्हणालं, की त्याचा अर्थ एवढाच: तू थांब, माणूस परत येणार आहे. हेमावतीबाईसुद्धा इकडच्या बायकांसारखं 'येतो'च म्हणत. अर्चना लग्न होऊन पुण्याहून आली, तेव्हा तिने हसत "येते म्हणा ना, आई" असं सुचवून पाहिलं होतं. जिभेला नऊवारीची सवय लागली, की पाचवारी नेसत नाही. तीन वर्षांपूर्वी अप्पा गेले. त्या दिवशी सकाळी ते येतो म्हणूनच निघाले होते. करिया तेरा दिवस तरटावर बसून होता.

निघायच्या आठ दिवस आधी रायापूरपर्यंत एक चक्कर मारून बघायची ठरली. करिया गादीवर शहाण्यासारखा बसला. सुधींद्र गाडी सुरू करताना सवयीने म्हणाला, "आई, येतो गं." झालं. खिडकीतून उडी मारून करिया तरटावर. सगळे खूप हसले. हेमावतीबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मग सुधींद्रने कागदावर लाल शाईने लिहिलं: करियासमोर 'येतो' म्हणायचं नाही.

निघायच्या दिवशी उजाडताना गाडी फाटकाशी लागली. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. मागच्या सीटवर एका कडेला उत्तरा आणि उरलेल्या जागेत करियाची गादी, तिच्यावर स्वेटर घातलेला करिया. हेमावतीबाईंनी त्या जागेकडे एकदा नीट बघून घेतलं. मांडी घालून बसलं तर एक म्हातारं माणूस मावून वर डबा ठेवण्यापुरती जागा उरली असती.

त्यांनी सुधींद्रच्या हातावर दही घातलं. तो पायांशी वाकला, उठला, गाडीकडे बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "जातो, आई."

चाळीस वर्षांत या घरातून कुणी जातो म्हणून गेलं नव्हतं. स्मशानात नेलेला माणूससुद्धा नाही. हेमावतीबाईंना राग आला. इतका, की त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"जातो म्हणू नये, सुधी," त्या म्हणाल्या. आणि मग, गरज होती त्याहून मोठ्याने, "येतो म्हणावं."

करियाने कान टवकारले. उत्तराने दोन्ही हातांनी धरेपर्यंत तो खाली उतरला होता.

बिस्किट दाखवून झालं. "बा, करिया, बा" अशी कानडीत हाक मारून झाली. सुधींद्र उचलायला गेला, तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा करिया त्याच्यावर गुरगुरला. उत्तरा रडायला लागली. अर्चना घड्याळ बघत होती. अंधाराआधी पुणं गाठायचं होतं.

"तुला ठाऊक होतं, आई," सुधींद्र म्हणाला.

"जिभेची सवय बाबा. काय करायचं?"

"राहू दे त्याला इथंच," शेवटी अर्चना म्हणाली. "उशीर होतोय."

सुधींद्र मागच्या दाराशी गेला. गादी तिथे रिकामी होती. हेमावतीबाईंनी शाल खांद्यावर घट्ट ओढली. का ओढली, देव जाणे. कपाटाची किल्ली कनवटीला होतीच, घराला कुलूप घालायला कितीसा वेळ लागतो. सुधींद्रने वाकून गादी सारखी केली, तिच्यावर उशी टाकली.

"उत्तरा, आता ऐसपैस जागा झाली बघ. आडवी हो," तो म्हणाला आणि दार लावलं.

गाडी सुरू झाली. उत्तराने काच सरकवून डोकं बाहेर काढलं. नाक लाल झालं होतं.

"आजी, मार्चमध्ये आम्ही येणार आहोत. बाबांनी शपथ घेतलीय."

"होय?"

"करियाला न्यायला. तोवर त्याला नीट सांभाळ हं."

"सांभाळते," हेमावतीबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'तो' न येता पुण्यासारखं 'ते' आलं.

गाडी वळणाआड गेली. त्यांनी फाटक लावलं आणि येऊन तरटावर करियाशेजारी बसल्या. तो रस्त्याकडे बघत होता. त्याच्या गळ्याशी स्वेटरचा टाका सुटला होता, तो त्यांनी बोटाने आत सारला.

"येतील रे," त्या म्हणाल्या. "तुला न्यायला येतील."