फुकटचा राखणदार

"माऊसचा बाण हल्ली आपला आपण फिरतो गं," बाबा फोनवर म्हणाले होते. ती तेव्हा लेकीला भरवत होती. एक घास चिंगीच्या तोंडात, तर दुसरा केसांत. "पुसून घ्या बाबा, धूळ बसली असेल," ती म्हणाली आणि विषय तिथेच मिटला. एरवी चिंगी नुसती शिंकली तरी डॉक्टरांचा नंबर काढणारी बाई ही. पण बापाची शिंक तिला ऐकू आली नाही.

मग एका सकाळी ती चिंगीला कडेवर घेऊन बाबांकडे गेली. बाबा एकटे राहतात. निवृत्तीनंतर एका साप्ताहिकासाठी म्हणींची शब्दकोडी रचतात, आणि त्यासाठीच खिडकीपाशी तो कॉम्प्युटर. ती आत आली तेव्हा बाबांचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते आणि पडद्यावरचा बाण त्यांच्या बँकेच्या कागदांमधून खुशाल हिंडत होता. एक फाइल उघडली. मिटली. दुसरी उघडली.

तिने वाकून नेटची वायर उपटली.

"अगं, साफसफाई चाललीय," बाबा दचकले. "कंपनीची माणसं आहेत. विकतचा अँटिव्हायरस घेतलाय मी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पडद्यावर एकदा लाल चौकट झळकली होती: कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा. बाबांनी केला. पलीकडच्या गोड आवाजाने पैसे घेतले, तिकडून बसून हा कॉम्प्युटर चालवता येईल असा एक प्रोग्राम टाकायला लावला आणि कॉम्प्युटरसोबत आलेला फुकटचा अँटिव्हायरस बंद करवला.

"बंद केलात? आहे तो पुरे म्हटलं होतं ना मी?"

"फुकटचा राखणदार कितीसा जागणार, असं वाटलं. आणि तो माणूस म्हणाला, काका, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." बाबा कपात बघत राहिले. "ते काही खोटं नाही. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात."

म्हणींवर पोट भरणारा माणूस म्हणीच्याच गळाला लागला होता.

"तलवार कसली, बाबा. कुंपणच शेत खात होतं."

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. तिने उचलला.

"काका, नेट गेलं का तुमचं?"

"काकांची मुलगी बोलतेय. नेट मी काढलं."

"ताई, लगेच लावा. संरक्षण तुटलंय, सगळा डेटा उडेल."

"उडू द्या. आम्ही पुन्हा लिहू."

"तुम्ही उगाच घाबरताय."

"घाबरतेच मी, आजची नाही, जन्माची घाबरट आहे. म्हणून तर वायर माझ्या हातात आहे. आता तुम्ही घाबरा."

फोन पलीकडूनच कटला. तिने बँकेला कळवून खातं थांबवलं, सगळे पासवर्ड स्वतःच्या फोनवरून बदलले. मग दादाला फोन लावला, आणि तो नेहमीप्रमाणे थोरला झाला.

"काढून घे ते खोकं. या वयात कशाला हवंय? टीव्ही बघा म्हणावं."

बाबा ऐकत होते. कीबोर्डवर हात पसरून बसले होते, कुणी उचलून नेईल म्हणून.

"तुझी स्कूटर चोरीला गेली, तेव्हा कुणी तुझ्या हातात बसचा पास नव्हता ठेवला," ती म्हणाली. "नवी घेतलीस ना? कॉम्प्युटर इथेच राहणार."

दुपारी तिने बोलावलेला कॉम्प्युटरचा दुकानदार आला. त्याने कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि सवयीने म्हणाला, "काका, आता चांगला विकतचा घ्या. वर्षभर निर्धास्त."

"विकतचा त्या फोनवाल्याला अडवेल?" बाबांनी विचारलं.

"थोडंफार अडवेल. पण दार तुम्हीच उघडून दिलंत तर तो तरी काय करणार?"

"मग फुकटचाच चालू कर. अपडेट आपोआप होतील असं बघ. दार मी सांभाळतो."

ती हसली. तिच्या स्वतःच्या घरी विकतचा आहे, आणि तो काढायची तिची अजून हिंमत नाही. पण हे घर त्यांचं, राखणदार त्यांनी निवडलेला.

बाबांनी चिंगीला मांडीवर घेतलं आणि नवं कोडं मांडायला बसले. आडवा शब्द पहिला: शेत खाणारं, तीन अक्षरी.

तेव्हापासून ती भेटेल त्याला एकच सांगते, आणि तुम्हालाही सांगतेय. तुमचंही कुणी असेल, खिडकीपाशी कॉम्प्युटर घेऊन एकटं बसणारं. अँटिव्हायरस फुकटचा की विकतचा, ते नंतर ठरवा. आधी त्यांना फोन करा आणि विचारा, बाण कोण फिरवतंय? उत्तर पूर्ण ऐकून घ्या. घास भरवायचा असेल तर तो थांबेल.